हॅझलकोमचं एकविसावं पान

१

विसाव्या पानानंतर थेट तेविसावं पान आलं, तेव्हा मी आधी स्वतःच्याच डोळ्यांना दोष दिला. दिवसभर प्रयोगशाळेत वाळूचे कण मोजून मी बेर्शेबाहून बसने ओफाकिमला आले होते, चहासुद्धा झाला नव्हता. पुन्हा पान उलटून पाहिलं. पिनांच्या कडेला बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी शिल्लक होती. मधलं पान कुणीतरी फाडून नेलं होतं.

"ॲलिसमावशी, यातलं एक पान गेलंय."

"जाऊंदे गो, छापणाऱ्यानं खाल्लं असेल," ॲलिसमावशी ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. "मी काय ते पाकीट उघडलंच नाही. डोळे कुठे आहेत मला."

ते एकच पान आम्हांला हवं होतं. बाकीची तीस पानं रद्दीत गेली असती तरी माझी हरकत नव्हती.

पुस्तक म्हणजे पिनांनी टाचलेली एक चोपडी. हॅझलकोम नावाच्या इंग्लंडमधल्या दोनशे माणसांच्या खेड्याचा इतिहास आणि तिथली पाहण्याजोगी ठिकाणं, गावच्या शाळेतल्या बाईंनी लिहिलेली. एक चर्च, एक विहीर, एक तळं, एक दारूचं दुकान. मी मिरजेची, शिकायला आलेली इस्राएलच्या वाळवंटात, आणि डोकं खपवत होते हॅझलकोमच्या तळ्यात बदकं कधी आली यावर. असं का, ते आधी सांगायला हवं.

ॲलिसमावशी मूळच्या अलिबागच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू; मराठी कानावर पडावं म्हणून मी त्यांच्याकडे जायचे. त्यांची नात होदाया बेर्शेबाच्या इस्पितळात नर्स. तिचं एरनशी लग्न ठरलं होतं. इथे ज्यूंचं लग्न धर्मगुरूंच्या ऑफिसातूनच लागतं; नोंदणीसाठी दोघं तिथे गेली, तेव्हा तिथल्या साहेबांनी ज्यू असल्याचा आईकडचा पुरावा मागितला, कारण ज्यूपण आईकडून येतं. होदायाची आई अहुवा, तिची आई ॲलिस. दोघींची लग्नं अलिबागला झालेली, आणि दोघींचे लग्नाचे कागद बोटीतल्या प्रवासात ट्रंकेत पाणी शिरून लगदा झालेले. मग साहेबांनी विचारलं, ॲलिसची आई कुठे वारली, तिचं दफन कसं झालं? आणि इथेच सगळं अडलं, कारण ॲलिसची आई हॅझलकोमला वारली होती.

रिबका वाकरूळकर तिचं नाव. तरणीताठी विधवा. १९३८ साली एका गोऱ्या साहेबाच्या मुलांची आया म्हणून दोन वर्षांच्या बोलीवर विलायतेला गेली, आठ वर्षांच्या ॲलिसला मावशीकडे ठेवून. मग लढाई लागली, बोटी थांबल्या, आणि एक्केचाळीसमध्ये ती गेल्याची तार आली. घरात उरलं एक जुनं पाकीट, त्यावर गावाचं नाव. लंडनच्या ज्यूंच्या कबरस्तानात तिला नेलं असणार, असं ॲलिसमावशी आयुष्यभर समजत आल्या होत्या.

नोव्हेंबरात मी त्या गावाला पत्र टाकलं. फेब्रुवारीत तिथल्या इतिहास मंडळाच्या चिटणीसबाईंनी ही चोपडी धाडली. सोबत चिठ्ठी: आमच्याकडे एका हिंदी आयेची कबर आहे, पान एकवीस पाहा. मी महिनाभर ऑस्ट्रेलियाला मुलीकडे जाते आहे.

म्हणजे दुसरी प्रत महिनाभर मिळणार नव्हती. मंगळवारी सकाळी नऊला साहेबांनी शेवटचं बोलावलं होतं. त्या दिवशी लेखी काही दाखवलं नाही, तर लग्नाची तारीख रद्द आणि चौकशी पुढे किती महिने चालेल याचा नेम नव्हता. आज रविवार होता, इथला आठवड्यातला कामाचा पहिला दिवस.

"मावशी, पान छापणाऱ्याने नाही खाल्लेलं," मी म्हणाले. "या घरात कुणीतरी फाडलंय."

ओट्यापाशी भांडं पडलं. मावशींनी ते उचललं नाही.

२

अहुवाताई समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. दवाखान्यात कारकून होत्या. सगळ्यांशी त्या रांगेत उभ्या असलेल्या पेशंटसारखं बोलत.

"शुक्रवारी बाराला मी दोआरमध्ये गेली," त्या म्हणाल्या. दोआर म्हणजे पोस्ट. "पाकीट घेतलं. मला कुठला दम. तिथंच उघडलं. इंग्लिश मला येत नाही, पण फोटो बघायला काय लागतं?"

"एकविसावं पान होतं त्यात?"

"होतं की. फोटोच होता त्याच्यावर. एक दगड, मागं भिंत, एक झाड. दगडावर फुलं. आणि," त्या थांबल्या. "नू, लपवून काय करू. क्रूस होता. भिंतीच्या वर दिसत होता. एक हात मोडलेला."

"मग?"

"मग काय? वाटलं, आजी किरिस्ताव झाली की काय. पान उलटून बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही. बंद केलं, एकला आईच्या टेबलावर ठेवलं, आणि घरी जाऊन शब्बातचा स्वैपाक केला. हातातून दोनदा मीठ पडलं."

"आईला सांगितलंत?"

"वेडी काय तू? तिला मी सांगू, तुझी आई क्रूसाखाली झोपलीय म्हणून?"

मी वहीत लिहिलं: अहुवाताईंना पान नको होतं. मग विचार करून खाली लिहिलं: पण मग क्रूसाबद्दल मला कशाला सांगतील? लपवायला म्हणून पान फाडणारी बाई त्या पानावर काय होतं ते आपण होऊन सांगत नाही. मी पहिली ओळ खोडली. मग वाटलं, त्या हुशार असतील तर हेच करतील. दोन्ही ओळी खोडल्या आणि वही मिटली.

"त्यानंतर तुम्ही आईकडे कधी गेलात?"

"शनिवारी जेवायला. सगळेच होतो. एरननं ते पुस्तक उचललं आणि हसायला लागला."

३

एरनला हसताना पाहिलं की मला तो निर्दोष वाटायचा आणि हसायचा थांबला की गुन्हेगार. तपास करणाऱ्या माणसाला असं वाटून चालत नाही, हे मला कळत होतं. पण त्याचं कारणही तसंच होतं. पान नाहीसं झाल्यावर ज्याचं काही बिघडत नव्हतं असा या घरातला तो एकटा होता.

"मी पहिल्यापासून सांगतोय," तो इंग्रजीत म्हणाला. "सायप्रसला विमानाने एक तास लागतो. तिथे लग्न करायचं आणि परत यायचं. कुणाची पणजी कुठे झोपली आहे, ते तिथे कुणी विचारत नाही."

"मी सायप्रसला लग्न करणार नाही," होदाया हिब्रूत म्हणाली. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, बूटही काढले नव्हते. आजी मराठीत बोलायची, ही हिब्रूत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नव्हतं. आजीला ती सावता म्हणायची. "सावतासमोर, इथे, मांडवाखाली. नाहीतर नाही."

"नाहीतर नाही म्हणजे काय?" एरनने विचारलं.

"नाहीतर नाही," ती म्हणाली.

एरनचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला कळलं की पान गेल्याने याचंही बिघडणार होतं, आणि चांगलंच. माझा एकुलता एक संशयित हातचा गेला.

"शनिवारी तू काय पाहिलंस?"

"जेवणं झाली. मी पानं चाळत होतो. वीस, मग तेवीस. मी मोठ्याने म्हणालो, इंग्रजांना मोजता येत नाही. कुणी हसलं नाही."

"पट्टी दिसली नाही तुला? फाडल्याची?"

"दिसली. पण या घरात शनिवारी कुणी कागद फाडत नाही. सावता तर दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही. मला वाटलं, इंग्लंडहूनच तसं आलं असेल."

शब्बातला कागद फाडणं म्हणजे काम, आणि काम वर्ज्य. म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी दिवेलागणीपर्यंत या घरातल्या धार्मिक माणसांपैकी कुणी ते पान फाडणं शक्य नव्हतं. आणि शनिवारी दुपारी जेवणानंतर ते नव्हतंच. धार्मिक नसलेला माणूस एकच, एरन. तो आला जेवायला, सगळ्यांच्या देखत. चोपडी पूर्ण वेळ टेबलावर. मग त्याने कधी फाडलं?

मी पुन्हा तिथेच येऊन पोचले होते. होदायाने बूट काढले आणि मला विचारलं, "सानिका, मंगळवारी काय दाखवायचं?"



४

सोमवारी मी प्रयोगशाळेला दांडी मारली आणि उरलेली पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं. हॅझलकोमला फोन लावला तर तो नुसता वाजत राहिला.

विहिरीचं पाणी खारट आहे. तळ्यात १८९० साली घोडा बुडाला. सतराव्या पानावर चर्चच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेला, पहिल्या लढाईत मेलेल्या गावकऱ्यांचा स्मारकस्तंभ. १९३२च्या वादळात अंगावर झाड पडून त्याचा एक हात तुटला, आणि मेलेल्यांचेही हातपाय गेले होते म्हणून गावाने तो मुद्दाम तसाच ठेवला. नवव्या पानावर ग्रेंज नावाच्या मोठ्या घराची 'शुक्रवारची खिडकी'. इथे मी सरसावून बसले.

लढाईत विमानांच्या भीतीने गावभर अंधार पाळत. पण दर शुक्रवारी ग्रेंजच्या माळ्यावरच्या खिडकीत दिवा दिसायचा. गावात बोभाटा झाला की तिथली हिंदी आया जर्मनांना खुणा करते. पहारेकरी जिना चढून गेला, तर एका काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यात वात. विझव म्हणाला, तर बाई म्हणे, आज मी विझवणार नाही, उद्या आपोआप विझेल. तो फुंकर मारायला पुढे झाला, तर ती दिव्याच्या आडवी उभी राहिली. शेवटी त्याने खिडकीवर काळं कांबळं ठोकलं. खिळ्यांची भोकं अजून चौकटीत दाखवतात. ही बाई आपल्या देशातल्या कुठल्याशा भुताची पूजा करत असावी, असं शाळेच्या बाईंचं मत.

आणि चौदाव्या पानावर 'घसरपायरी'. १९४० च्या जानेवारीत ग्रेंजची म्हातारी मालकीण वारली. त्याच सकाळी आयेने घरातला प्रत्येक हंडा, किटली, तांब्या, फुलदाणीतलंसुद्धा पाणी दाराबाहेर ओतून टाकलं. कुणाला कळेना. पाणी पायऱ्यांवर गोठलं, पोस्टमन घसरला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून ती घसरपायरी. दुःखाने बाईचं डोकं फिरलं असावं, असं शाळेच्या बाईंचं मत.

मला दोन्हींचं काही कळेना. पण ओफाकिममध्ये कळणारा माणूस होता. ॲलिसमावशींच्या खाली एलिशाकाका राहायचे, सिनेगॉगची व्यवस्था पाहणारे. चोपडी घेऊन मी जिना उतरले. दार उघडताच ते म्हणाले, "ये. मला ठाऊक होतं तू माझ्यावर येणार."

५

"तुमच्यावर म्हणजे?"

"संशय गो. दुसरं काय. अहुवानं सांगितलं तू चौकशा करतेस. आणि जुने कागद माझ्याकडेच असतात." त्यांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे हात केला. "देवाचं नाव असलेले फाटके कागद आम्ही फेकत नाही, जमवून पुरतो. बघ उघडून. तुझं पान असेल तर माझं नाव बदल."

मी निर्लज्जपणे उघडून पाहिलं. प्रार्थनेच्या पुस्तकांची पानंच पानं. हॅझलकोम नव्हतं.

"ज्या कागदावर चर्च आहे, तो या पेटीत मी ठेवीन काय?" काका म्हणाले. "डोकं चालव जरा."

मी ओशाळले आणि दोन्ही गोष्टी त्यांना मराठीत वाचून दाखवल्या. पेल्यातल्या दिव्यापाशी ते हसले. पाणी ओतल्यापाशी त्यांचं हसू गेलं. ते उठून उभे राहिले.

"घरात मयत झाली की साठवलेलं सगळं पाणी ओतायचं. माझ्या आजीनं ओतलं, आईनं ओतलं. आणि पेल्यात पाणी आणि तेल, हा आमचा शब्बातचा दिवा. विझवायचा नाही म्हणजे नाही. ही बाई आमची गो. गोऱ्यांच्या गावात एकटी राहून सगळं पाळत होती."

"मग हेच मंगळवारी दाखवू?"

"दाखव. पण साहेब विचारणार, हे जिवंतपणीचं झालं. मरताना काय झालं? दफन कुणी केलं? आणि त्याला जबाब तुझ्या एकविसाव्या पानावर." ते बसले. "मी ॲलिसला म्हटलेलं, मेलेल्यांना उकरू नका. तेव्हा चुकलं माझं. असली आई असल्यावर लपवायचं कशाला? आणि ॲलिस तर यंदा विसरलीसुद्धा."

"काय विसरली?"

"आईचं नाव द्यायला. शेवात या आमच्या हिब्रू महिन्यात तिच्या आईचा दिवस. त्या आठवड्याच्या शब्बातला मेलेल्याच्या नावानं प्रार्थना म्हणतो आम्ही. शुक्रवारी दुपारी मी घरोघर नावं गोळा करतो. ॲलिस फळांचं तबक आणि चिठ्ठी तयार ठेवते. इथे आल्यापासून सत्तावीस वर्षं, एकदा चुकली नाही. ताप असला तरी. या शुक्रवारी चारला मी गेलो, तर दारातच म्हणाली, यंदा काही नाही. मला वाटलं, वय झालं."

मी चोपडी बंद केली. दोन दिवस डोक्यात जो गोंधळ माजला होता, तो एकदम बसला, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

विसरली असती तर 'यंदा काही नाही' म्हणाली नसती. जी मुलगी अठ्ठावन्न वर्षं आईच्या नावाची प्रार्थना करते, ती एका शुक्रवारी ते नाव देत नाही, तेव्हा त्या दुपारी तिला काहीतरी समजलेलं असतं. एक वाजता चोपडी टेबलावर आली. चारला एलिशाकाका आले. मधले तीन तास घरात एकच माणूस होतं, आणि शब्बात लागायचा होता.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही वर चला," मी म्हणाले. "अहुवाताईंनाही बोलवा."

६

ॲलिसमावशी पलंगावर बसल्या होत्या. मी खुर्ची ओढून समोर बसले. काका आणि अहुवाताई दाराशी थांबले.

"मावशी, शुक्रवारी पाकीट तुम्ही पाहिलंत."

"नाही म्हटलं ना तुला."

"मग आईचं नाव का नाही दिलंत?"

अहुवाताईंनी तोंडावर हात ठेवला.

"माझी बाय," मावशी सावकाश म्हणाल्या, "भिंग घेऊन बघितलं मी. शाळेत शिकलेली चार इंग्लिश अक्षरं वाचली. चर्चचं आवार, म्हणून लिहिलेलं. फुलं. आमच्यात कबरीवर फुलं घालत नाहीत गो, दगड ठेवतात. आणि वर क्रूस. ती गेली तेव्हा अलिबागला बाया म्हणायच्या, रिबका तिकडे बाटणार. मी आठ वर्षांची होती, मी त्यांच्याशी भांडायची. आणि त्या खरं बोलत होत्या. बाटलेल्या बाईचं नाव सिनेगॉगमध्ये कसं देऊ? आणि साहेबानं ते पान बघितलं तर माझ्या होदायाचं काय?"

"म्हणून फाडलंत."

"फाडलं. जाळायला गॅस पेटवला. पण आईची कबर होती ना ती. हात धजला नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. दोन दिवस मी भल्या माणसांवर संशय घेत फिरले होते. पण राग आला नाही. मला माझीच लाज वाटली, कारण ते गाव उकरून आणलं होतं मी.

"मावशी, तो क्रूस तुमच्या आईचा नाही."

त्यांनी वर पाहिलं.

"अहुवाताई, क्रूस कसा होता सांगा पुन्हा."

"एक हात मोडलेला. भिंतीच्या वर."

मी सतरावं पान उघडलं आणि एकेक शब्द मराठीत सांगितला. स्मारकस्तंभ, वादळ, तुटलेला हात, भिंतीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला. "फोटो काढणारा भिंतीच्या अलीकडे उभा होता. पलीकडचा क्रूसाचा खांब वरून डोकावला. तो सैनिकांचा आहे. आणि फुलं गावच्या लोकांनी ठेवली, त्यांना दुसरं काय ठाऊक? आता सांगा, पानाच्या मागच्या बाजूला काय होतं?"

"मागं?" मावशी म्हणाल्या. "मागं मी कुठे बघितलं."

मायलेकींनी एकच चूक केली होती. क्रूस पाहिला आणि पान उलटलं नाही. दुसऱ्या कुणी सहज उलटलं असतं.

मावशी उठल्या. कपाट उघडून लग्नाच्या साडीच्या घडीतून त्यांनी कागद काढला, माझ्या हातात दिला आणि माझा दंड घट्ट धरून उभ्या राहिल्या. मी पान उलटलं. बाविसावं पान. शाळेच्या बाईंनी त्या वेळच्या पाद्र्याच्या रोजनिशीतला उतारा दिला होता. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले.

"ग्रेंजमधली हिंदी आया न्यूमोनियाने गेली. मी माझं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसलो, तर तिने ते हाताने दूर सारलं. ती काही पुटपुटत होती. कॉलेजात शिकलेलं हिब्रू मला तीस वर्षांत उपयोगी पडलं नव्हतं, ते त्या खोलीत पडलं. ती म्हणत होती, शेमा इस्राएल, ज्यूंची मरतानाची प्रार्थना. आम्ही तिला इतके दिवस हिंदू समजत होतो. मी आमचा विधी केला नाही. हिब्रूतलं एक स्तोत्र वाचलं. उच्चार चुकले असतील. भिंतीलगत, जिथे आमच्यापैकी कुणी नाही, अशी जागा दिली, आणि दगडावर क्रूस कोरू दिला नाही."

एलिशाकाका भिंतीला टेकून रडायला लागले. अहुवाताई होदायाला फोन करायला धावल्या. पानावर अजून चार ओळी होत्या, पण मावशींनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला, घडी केली आणि छातीशी धरला. पुढे कुणाला हात लावू दिला नाही.

७

मंगळवारी नऊला आम्ही सगळे त्या ऑफिसात होतो. रूवेन नावाचे पिकल्या दाढीचे साहेब, पुढ्यात थंड झालेला चहा. त्यांनी चोपडी घेतली, शुक्रवारची खिडकी वाचली, घसरपायरी वाचली. मग फाटक्या पानाच्या दोन्ही बाजू वाचल्या. त्यांना इंग्रजी बरं येत असावं. बाविसाव्या पानावर ते बराच वेळ थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे मला पुरेसं आहे," ते हिब्रूत म्हणाले. "मुद्दाम आमची बाजू घ्यायचं त्या पाद्र्याला काही कारण नव्हतं. तारीख कायम ठेवा."

होदायाने एरनचा हात इतका जोरात दाबला की तो ओय म्हणाला. मी खुर्चीत मागे टेकले. संपलं, असं मला वाटलं.

साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. आजींनी सही करायची, की या पानावरची बाई ती माझी आई. "पण आधी त्यांना पूर्ण मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा," ते मला म्हणाले. "शेवटच्या ओळीपर्यंत. न वाचलेल्या कागदावर मी कुणाची सही घेत नाही."

मी पान घेतलं. काल वाचलेलं पुन्हा सांगितलं. मावशी मान हलवत होत्या, पाठ झाल्यासारख्या. मग त्या चार ओळी आल्या. मी पाणी मागितलं, प्यायले आणि वाचलं.

"शेवटच्या रात्री ती एकसारखी कुणाला तरी हाक मारत होती. ॲलिस, ॲलिस. आमच्या घरात किंवा ग्रेंजमध्ये या नावाचं कुणी नाही. माझी बायको तिचा हात धरून बसली होती, आणि दर हाकेला म्हणत होती, मी इथेच आहे. ते खोटं होतं. पहाटेपर्यंत तिने ते खोटं बोलणं सोडलं नाही, आणि मी तिला अडवलं नाही."

होदायाला मराठी बोलता येत नव्हती, पण समजत होती. तिने आजीच्या खांद्यावर हात ठेवला. साहेब टेबलाकडे बघत राहिले.

मावशींनी पान माझ्या हातातून घेतलं आणि समोर धरलं. भिंग घरी राहिलं होतं, त्यांना एक अक्षर दिसत नव्हतं.

"ओ," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, आतल्या खोलीतून हाक आल्यावर मूल देतं तशी ओ दिली. "ओ, आये."

आणि सहीसाठी हात पुढे केला.